रान पुन्हा नांदते कसे होईल?



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पेरणी झाली की शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रोही वावरात शिरतात. रानडुकरे मका आडवा करतात, भुईमूग उकरून टाकतात. ज्ञानगंगेच्या रानाजवळच्या गावांना अस्वलाचे भय असते. मग आपण म्हणतो, "ही जनावरे फार माजली." पण जनावर रान सोडून बाहेर का पडते, हे आधी पाहू. घरात दाणा आणि आडात पाणी असेल, तर माणूस परमुलखात मजुरीला जातो का? जनावराचेही पुष्कळसे तसेच आहे. पिकाची चटक लागलेले जनावर एका दिवसात सुधारणार नाही, हे खरे. पण रान उजाड राहिले, तर ते कधीच सुधारणार नाही.

रान म्हणजे नुसती झाडे नव्हेत

जनावराच्या घराला तीन गोष्टी लागतात. पहिली पाणी, दुसरी चारा आणि तिसरी आडोसा. तिन्हींपैकी एक जरी गेली तरी घर मोडले.

ज्ञानगंगा अभयारण्य घ्या. बुलडाणा आणि खामगाव यांच्या मध्ये, अजिंठ्याच्या डोंगररांगेत ते आहे. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. १९९७ साली ते जाहीर झाले. तिथे बिबटे, अस्वले, तरस, भेकर, चितळ, रोही राहतात. चहूकडे मात्र शेती आणि गावे. म्हणजे हे रान शेतांच्या मधोमध एखाद्या बेटासारखे आहे.

या बेटावर २०१९ च्या डिसेंबरात एक तरणा वाघ आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातला. त्याच्या गळ्यात खुणेचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगण आणि मराठवाड्याच्या मुलखातून, शेते, ओढे, सडका ओलांडत तो ज्ञानगंगेत पोचला. त्याची सारी भटकंती सुमारे ३,००० किलोमीटरची भरली. वाटेत त्याला ओढ्याकाठच्या झुडपांनी आडोसा दिला. बघा, आपल्या गावचा ओढा आणि त्याकाठची झाडी ही वाघाचीही वाट असते. अभयारण्य सरकार राखील. ओढा, गायरान आणि टेकडी कोण राखणार? ती गावानेच राखली पाहिजेत.

पहिले काम पाण्याचे

गावकऱ्यांच्या हातात किती बळ असते, ते मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने दाखवले. हे सिंदखेड म्हणजे जिजाऊंचे सिंदखेड राजा नव्हे, दुसरे. २०१८ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, भर उन्हाळ्यात, गावोगाव लोकांनी श्रमदान केले. त्या वर्षी राज्यातला दुसरा क्रमांक सिंदखेडला आणि सातारा जिल्ह्यातल्या भांडवलीला मिळाला.

हे काम माणसाच्या पाण्यासाठी होते. पण रानासाठीही कामाची रीत हीच. रीत अशी: माथ्यापासून पायथ्याकडे यायचे. आधी डोंगराच्या माथ्यावर समतल चर खणायचे. चर उताराला आडवा असावा आणि त्याची पातळी सगळीकडे सारखी असावी. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ही पातळी कोणालाही पाहता येते. उतारावरून धावणारे पाणी चरात थांबते आणि जमिनीत मुरते. मग खाली घळीत दगडांचे लहान बांध घालायचे. मुरलेले पाणी पावसाळ्यानंतर ओढ्यात हळूहळू झिरपते. ओढ्यात डोह टिकला, म्हणजे जनावराला पाण्यासाठी गावाकडे यावे लागत नाही.

पाणवठा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. उभ्या भिंतीचा हौद करू नये. पिल्लू आत पडले तर वर येत नाही. एक बाजू बशीसारखी उतरती ठेवावी. शिवारात बिनकठड्याची विहीर असेल, तर तिला कठडा बांधावा.

दुसरे काम गवताचे

"मोकळी जागा दिसली की झाडे लावा," असे पुष्कळ जण सांगतात. हेतू चांगला असतो. पण प्रत्येक माळ हे मेलेले जंगल नव्हे. गवताचा माळ हेच काही जिवांचे घर असते. काळविटाला दूरवर दिसावे लागते आणि पळायला मोकळे लागते. तितर, लावा, चंडोल जमिनीवर गवताच्या आडोशाने घरटी करतात. लांडगाही माळावर शिकार करतो. अशा जागी दाट झाडे लावली, तर त्यांचे घर आपणच मोडले.

माळ सुधारायला खर्च थोडा आणि धीर फार लागतो. पावसाळ्यात तिथे चराई बंद ठेवायची. गवत वाढू द्यायचे. मारवेल, पवन्या, शेडा या गवतांचे बी झडले, की मग विळ्याने कापून गुरांना घालायचे. मुळे राहतात, बी राहते, पुढच्या साली गवत दाट येते. गुरांना चारा आणि पाखरांना घर, दोन्ही साधते. चराई बंद ठेवायची तर सगळ्या गावाचे एकमत हवे. ज्याची दोनच शेळ्या आहेत, त्याला आधी विचारा. त्याच्या चाऱ्याची सोय करा, आणि मगच बंदी घाला. नाहीतर रात्री कुंपण तुटेल आणि दोष कोणाला देता येणार नाही.

तिसरे काम परक्या झुडपांचे

घाणेरी तुम्ही पाहिली असेल. कोणी तिला रायमुनिया म्हणतात. फुले सुंदर, पण हे झुडूप अमेरिकेकडचे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बागेच्या शोभेसाठी ते आपल्या देशात आणले गेले. आता ते रानोमाळ पसरले आहे. त्याखाली गवत वाढत नाही आणि हरणे त्याचा पाला खात नाहीत. वेडी बाभूळही अशीच परकी. लोणारच्या सरोवराकाठी ती इतकी माजली, की ती काढायचे काम हाती घ्यावे लागले. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. अशा नामांकित जागेलाही हा रोग सोडत नाही.

घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचे खोड जमिनीखाली मुळाशी तोडावे आणि झुडूप उलटे करून वाळू द्यावे. हे काम फळे धरण्याआधी करावे, कारण पाखरे फळे खाऊन बी लांब टाकतात. जागा मोकळी झाली की लगेच गवताचे बी पेरावे. पुढे दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटावी लागतात. सगळी घाणेरी एकदम काढू नये. काही जनावरांनी तिच्यातच आडोसा केलेला असतो. एक पट्टा काढावा, तिथे गवत आले की दुसरा.

झाडे शेवटी, आणि आपल्या मातीतली

झाड लावायचेच तर मोह, टेंभुर्णी, उंबर, जांभूळ, बोर, पळस, अंजन लावा. पाखरे आणि जनावरे यांच्यावर जगतात. लवकर वाढते म्हणून गिरिपुष्प लावले, तर रान हिरवे दिसेल, पण अस्वलाच्या पोटाला काय?

अस्वल मोहाची फुले खाते. आपल्या मायबहिणीही चैत्रात पहाटे मोह वेचायला जातात. अंधारात दोघांची गाठ पडते आणि घात होतो. म्हणून उजाडल्यावर जावे, चार जणींनी मिळून जावे, मोठ्याने बोलत जावे. मोहाखालचा पाला पेटवू नये. तो वणवा होऊन पसरतो आणि वर्षभराचे श्रमदान एका दुपारी जळून जाते.

गावाला काय मिळते?

वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे. २०१२ साली गावाला १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ती जमीन उजाड होती. गावकऱ्यांनी खोज या संस्थेच्या मदतीने चराई आवरली, खड्डे खणले, झाडे लावली. पुढे त्यांची सीताफळे मुंबईपर्यंत विकली गेली. २०१४ साली जैवविविधतेसाठी गावाला पुरस्कार मिळाला. रान नांदले, आणि गावही नांदले.

अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करू नये. गायरान, ओढा आणि धुरा यांपासून आरंभ करावा. गावची जैवविविधता समिती असते, तिच्यात नाव घाला. पिकाचे नुकसान झाले, तर जनावराला विष घालू नका, विजेची तार लावू नका. त्या तारेने माणसेही मरतात. लगेच वनखात्याकडे अर्ज करा. भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

विचार करा

१. तुमच्या गावच्या ओढ्यात चैत्रात पाणी असते का? पूर्वी असे का?
२. गायरानात कोणते गवत उगवते? त्याचे बी झडू देता का?
३. एका रविवारी वीस माणसे जमली, तर आधी कोणते काम घ्याल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चार शेजाऱ्यांना विचारून मग लिहा. काम त्यांच्याबरोबरच करायचे आहे.