मालडोंगरीच्या पाण्यावर

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध नावाचे गाव आहे. गावाला लागून मोठा तलाव, तलावाभोवती डोंगर आणि जंगल, आणि पाण्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचे झाडीने भरलेले बेट. महाराष्ट्रातले लोक बेट पाहायला कोकणात, नाहीतर थेट अंदमानला जातात. विदर्भाच्या या टोकालाही एक बेट आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. यंदा डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही कुटुंबासह तिथे गेलो. सोबत एक साधा कॅमेरा, मुलांचे मोबाइल आणि एक जुनी दुर्बीण होती.

माणसाने बांधलेला समुद्र

काठावर उभे राहिले की हा तलाव माणसाने बांधला आहे, यावर विश्वास बसत नाही. पाण्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली खिंड बांधून हे पाणी अडवले. कोहळी समाज तलाव बांधण्यासाठी प्रसिद्ध. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात, त्यात या समाजाचा मोठा वाटा आहे. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलू पाटलांना मदत केली, अशी इथली आख्यायिका. कोलू पाटलांना स्थानिक लोक कोलासूर देव म्हणून मानतात आणि त्यांचे ठाणे एका टेकडीवर आहे.

श्रद्धा ज्याची त्याची. पण काम पाहून कोणाचीही मान आदराने झुकावी. हे पाणी भातशेतीसाठी अडवले गेले. त्यावर शेते पिकली, ढिवर समाजाला मासे मिळाले, आणि कोणी आमंत्रण न देता पाखरे आली. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ किंवा पेरलेल्या शेतातला दाणा माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ला, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे. तीनशे वर्षे वाहत असलेली ही भलाई पाहताना मुलांना सदका-ए-जारियाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

सकाळचे पाणी

फज्रची नमाज आटोपून आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि मालडोंगरी दिसत नव्हती. मग आधी झाडांचे शेंडे दिसले, नंतर टेकडी आणि शेवटी तिचे पाण्यातले प्रतिबिंब. फोटो काढणाऱ्यासाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. ऊन तिरपे आणि मऊ असते, वारा पडलेला असतो, त्यामुळे बेट पाण्यात उलटे उमटते. नऊ वाजल्यानंतर तेच पाणी चकाकू लागते आणि चित्र पांढरे पडते.

नाव बेटाच्या दिशेने निघाली. कडेच्या पाणवनस्पतींत काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी पोहत होते. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता. वठलेल्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. त्यांच्या पिसांत पाणी मुरते, म्हणून बुडी मारून आल्यावर त्यांना पंख वाळवावे लागतात. बेटाच्या पलीकडे उघड्या पाण्यावर रानबदकांचा मोठा थवा होता. दुर्बिणीतून लांब टोकदार शेपटीची बदके आणि नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी ओळखू आली. यातले कित्येक पाहुणे हिमालयापलीकडून येतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वी परततात.

"उडवा ना एकदा!"

दुसऱ्या एका नावेत काही तरुण होते. त्यांना थवा उडतानाचा व्हिडिओ हवा होता. एकाने टाळ्या वाजवल्या, दुसरा नावाड्याला म्हणाला, "काका, आत घाला नाव, उडवा ना एकदा!" नावाड्याने वल्हे थांबवले. "नाई भाऊ. झोपले हायेत ते. रातभर चारा खाते अन् दिवसा आराम करते. रोज कोणी ना कोणी उडवलं तं पुढच्या साली येतीन का इथं?"

त्याचे म्हणणे पक्षिशास्त्राला धरून आहे. अनेक रानबदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. प्रत्येक नाहक उड्डाणात ती शिदोरी खर्च होते. आपल्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ मिळतो, त्याची किंमत पाखरू भरते.

मला सुनन अबू दाऊदमधला प्रसंग आठवला. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित (स.) यांनी हे पाहिले, तिला कोणी दुखावले ते विचारले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितले. कुरआनच्या सूरह अनआममध्येही जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा आशय आहे. घरट्यापाशी कॅमेरा नेणे, फांदी बाजूला सारून पिल्लांचा फोटो घेणे, थवा उडवणे, या सगळ्याला आजच्या काळात हीच शिकवण लागू होते.

आपले सलीम अली

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली जाहीर झाले आणि २०१३ मध्ये हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आला. इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणे मुसलमानाला जायज आहे का, असा प्रश्न त्याला पडला. तो मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. हलाल-हरामच्या त्या निरागस शंकेतून भारताला सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

नवेगावबांधचे नाव मराठी घराघरांत नेले ते वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी. ते इथे नोकरीला होते. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा आणि ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

तलाव जिवंत राहिला तर

काळजीचेही कारण आहे. माणसाच्या उंचीचा सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. भातशेतीतली विषारी औषधे, विजेच्या तारा आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा त्याच्या मुळावर आल्या आहेत. कित्येक जुन्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, बेशरमाची झुडपे माजली आहेत. पण याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी कमरेइतक्या चिखलात उतरून बेशरम उपटले, देशी पाणवनस्पती लावल्या आणि त्यानंतर मासे व पाखरे परतली, हीही इथलीच गोष्ट आहे.

जाणार असाल तर

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनी स्टेशन आहे. रस्त्याने यायचे तर राष्ट्रीय महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून वळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नावेची सोय आणि बेटाजवळ जाण्याची परवानगी वन विभागाकडे आधी विचारून घ्यावी. कपडे मातकट किंवा हिरवे असावेत, गाणी बंद ठेवावीत, प्लॅस्टिक परत आणावे. फोटो काढताना ऊन पाठीशी घ्यावे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. पाखराने मान वर करून तुमच्याकडे पाहिले की तिथेच थांबावे. ती त्याची हद्द. वेळ असेल तर याच तालुक्यातला प्रतापगड पाहावा. तिथे ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आणि महादेवाचे स्थान एकाच परिसरात आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडचे भाविक तिथे एकत्र येतात.

आमच्या मुलीने तीन तासांत दोनशेवर फोटो काढले. बहुतेकांत बदके ठिपक्यांएवढी आहेत. तिने त्यातला एक निवडला: मागे मालडोंगरी, पुढे स्थिर पाणी आणि मान पंखांत खुपसून झोपलेला थवा. तो आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावला आहे. पुढच्या पक्षी सप्ताहात, इन्शाअल्लाह, मोहल्ल्यातली आणखी चार घरे सोबत न्यायचा बेत आहे.