नाना, पूल आणि पाऊण एचपी

“दादा, तीन एचपी टाकून दे ना. एकदाच काय ते!” धाकट्या भावाचा फोन. मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये.

तुळजापूरजवळच्या आमच्या शेतातल्या घरामागे आम्ही छोटा स्विमिंग पूल बांधत होतो. ८ मीटर बाय ४, खोली १.२. म्हणजे ३८,४०० लिटर, जवळपास चार मोठे टँकर! नानांचा पारा चढलेलाच. “टँकरची लाइन इसरलास का? पाण्याशी काय खेळायलास?” त्यांचं चुकत नव्हतं. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, धाराशिवची अवस्थाही काही वेगळी नव्हती. मी शब्द दिला, पूल पावसाळ्यात एकदाच भरायचा आणि तेच पाणी टिकवायचं. आता सगळी भिस्त पंपावर.

तीन एचपी भावाच्या डोक्यात आला तो बोअरवरून. पण बोअरचा पंप पाणी शेकडो फूट वर ओढतो. पुलाचा पंप पाणी उचलत नाही हो, नुसतं फिरवतो! पुलातून निघालेलं पाणी फिल्टरमधून परत त्याच पातळीला येतं. जोर लागतो तो पाइप, बेंड आणि फिल्टरच्या अडथळ्यापुरता. आमच्याकडे हा हेड धरला १० मीटर.

मग किती पाणी फिरवायचं? घरच्या पुलातलं सगळं पाणी ६ ते ८ तासांत एकदा फिल्टरमधून जावं, असा हिशेब असतो. आम्ही ६ तास धरले. ३८,४०० भागिले ६, म्हणजे तासाला ६,४०० लिटर. एवढ्याला अर्धा एचपी जेमतेम पुरतो. फिल्टर चोंदत गेला की अडथळा वाढतो, म्हणून पाऊण घेतला. दुकानात एचपी विचारण्याआधी कॅटलॉगमधला कर्व्ह बघा. आपल्या हेडला हा पंप तासाला किती लिटर देतो, ते त्यात असतं.

आणि तीन एचपी लावला असता तर? छोट्या सँड फिल्टरमध्ये पाणी इतक्या जोरात घुसतं की वाळूत वाटा पडतात आणि कचरा सरळ पलीकडे. बिल येणार ते वेगळंच. शिवाय गढूळ झालेला पूल शेवटी रिकामाच करावा लागतो. नानांना दिलेल्या शब्दाचं मग काय?

पंपाला न जमणारी एक गोष्ट म्हणजे ऊन. दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं तरी अडीचशे लिटर गेले. त्यासाठी रात्रंदिवस वर कव्हर, पोहायचं तेवढाच वेळ उघडं. फिल्टर धुतलेलं पाणी ड्रममध्ये दोन दिवस ठेवून, क्लोरीन उडालं की लिंबाच्या झाडांना. ही आयडिया नानांची!

पहिल्या दिवशी पंप सुरू केला. नाना बराच वेळ कान देऊन उभे.

“चालू हाय का बंद?”

“चालू आहे, नाना.”

त्यांनी चप्पल काढली आणि पाय पाण्यात सोडून बसले.