मानवी प्रतिष्ठा आणि खरा सहभाव : बॉनहोफर यांचे चिंतन

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि बंधुता ही मूल्ये एकत्र गुंफलेली आहेत. प्रतिष्ठा ही एकट्याने मिळवावयाची वस्तू नसून ती माणसामाणसांतील व्यवहारात सिद्ध होते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. जर्मन ख्रिस्ती विचारवंत डीट्रिख बॉनहोफर (1906-1945) यांचे चिंतन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात घडला, म्हणून प्रत्येक मनुष्य आदरणीय, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. परंतु सप्टेंबर 1933 मध्ये प्रशियातील प्रॉटेस्टंट चर्चच्या महासभेने 'आर्य कलम' स्वीकारले. ज्यू वंशात जन्मलेल्यांस, बाप्तिस्मा घेतलेला असूनही, धर्मोपदेशकाचे पद नाकारले गेले. श्रद्धा समतेची, कसोटी मात्र जन्माची! बॉनहोफर यांनी त्याच वर्षी याविरुद्ध लेखणी उचलली. जे चर्च वंशावरून माणसाला बाहेर ठेवते ते चर्चच उरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

पुढे 1935 साली फिंकेनवाल्डे येथे त्यांनी तरुण धर्मोपदेशकांचे विद्यालय चालविले. 1937 मध्ये गेस्टापोने ते बंद पाडले. तेथील अनुभवावर आधारलेला त्यांचा ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला. आदर्श संघाच्या स्वप्नावरच जो प्रेम करतो, तो समोरच्या प्रत्यक्ष माणसांना दुरावतो, हा त्यातील मर्मग्राही विचार होय. दुसऱ्याचे ऐकून घेणे ही ते पहिली सेवा मानतात. सहाध्यायाच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलू नये, असा नियमही तेथे होता. हिटलरविरोधी कटातील सहभागामुळे 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

बौद्ध विचारात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही. म्हणून या दोन भूमिकांचे अधिष्ठान भिन्न आहे. मात्र आचरणात त्या एकमेकींच्या जवळ येतात. विनयपिटकानुसार शाक्य राजपुत्रांनी आपल्या कुलाभिमानाचे निरसन व्हावे म्हणून उपाली या न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. त्यामुळे त्याला वंदन करणे त्यांना क्रमप्राप्त झाले. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या, सोबत्यांनी उपेक्षिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे भिक्खूंना बजावले. या दोन्ही प्रसंगांत सहभाव हा उपदेशाचा विषय न राहता कृती झाला आहे.

इतरांच्या धर्मसंस्थेचे दोष दाखविणे सोपे असते. परंतु 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जातीचा त्याग करून धम्म स्वीकारणाऱ्या समाजाचे आपण वारस आहोत. विहारात एकत्र त्रिसरण म्हणणारे आपण विवाह जुळविताना पोटजात विचारीत असू, तर ते 'आर्य कलम' आपल्याही घरात आहे, असेच म्हणावे लागेल. ते पुसून टाकणे हे आपल्या धम्माचरणाचे पहिले काम आहे, असे आम्हांस वाटते.