जलद भिंग : एका पायरीची किंमत

रेंजफाइंडर जातीचा जुना कॅमेरा हाती आला की लगेच प्रश्न येतो तो भिंगाचा. ५० मिलिमीटरचे भिंग हे या कॅमेऱ्यांचे नेहमीचे भिंग. ते एफ २ चे घ्यावे की त्याहून जलद, यावर शौकिनांत नेहमी वाद होतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने याकडे जमाखर्च म्हणून पाहतो.

प्रथम जमेची बाजू. एफ २ पेक्षा एफ १.४ मधून दुप्पट प्रकाश आत येतो. म्हणजे स्नेहसंमेलनात रंगमंचावर जेथे १/३० सेकंद द्यावा लागतो, तेथे १/६० वर भागते. नाचणाऱ्याचा हात पुसट न येण्यास एवढा फरक पुष्कळदा पुरतो. मात्र एफ १.५ आणि १.४ यांत अंतर जेमतेम पंधरा टक्क्यांचे. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

आता खर्चाची बाजू. एफ १.५ वर एक मीटरवरील माणसाचे छायाचित्र काढले, तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट, कान पुसट! शिवाय या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवतो. ही जुळणी किंचित बिघडलेली असली तर एफ ८ वर खपून जाते, एफ १.५ वर उघडी पडते.

भिंगांच्या घडणीतही भेद आहे. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी त्साइसचे 'सोन्नार' एफ १.५ रचले. त्यात काचा सात, पण तीन गटांत चिकटवलेल्या. त्यामुळे हवेला लागणारी पृष्ठे सहाच. लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो आणि आत भटकून चित्र फिके करतो. म्हणून त्या काळी कमी पृष्ठे हा मोठाच लाभ होता. उणीव ही, की छिद्र लहान करू लागताच स्पष्टतेची जागा थोडी मागे सरकते. लायकाच्या १९४९ च्या 'सुमारिट'मध्ये काचा सातच, पण गट पाच, पृष्ठे दहा. तोवर काचांवर लेप देण्याची रीत रूढ झाली होती, म्हणून हे परवडले.

१९५० मध्ये कोरियन युद्धात 'लाइफ'चे डेव्हिड डग्लस डंकन यांनी जपानी निक्कॉर भिंगे लायकावर चढवून वापरली आणि जपानी मालाची पत वाढली. कॅननचे १९५९ चे एफ १.४ ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. त्याचे ३९ मिलिमीटरचे आटे जुन्या लायकावर बसतात. कॅननचे १९६१ चे एफ ०.९५ मात्र 'कॅनन ७' साठीच केलेले. भिंग घेण्यापूर्वी ते आपल्या कॅमेऱ्यावर बसते का, हे आधी पाहावे.

दुसरी परीक्षा बॅटरीची. मागून उजेड पाडून भिंगात पाहावे. आत धुके किंवा बुरशीचे जाळे दिसले, तर एफचा आकडा कितीही लहान असो, ते भिंग मंदच समजावे. तिसरी परीक्षा, छिद्र पूर्ण उघडून एक मीटरवर तिरकी पट्टी ठेवून फिल्मवर चित्र घ्यावे आणि जुळवलेला आकडाच स्पष्ट येतो का ते पाहावे.

शेवटी पर्यायाचा हिशेब. ४०० ची कृष्णधवल फिल्म १६०० ची धरून वापरली आणि धुताना वेळ वाढवला, तर दोन पायऱ्या मिळतात. दाणा तेवढा जाडा होतो. म्हणून उन्हातली, रस्त्यावरची चित्रे काढणाऱ्याने निर्मळ एफ २ घ्यावे आणि उरलेल्या पैशांची फिल्म आणावी. ज्याचे विषयच अंधारात आहेत, त्याने मात्र जलद भिंग जरूर घ्यावे. पण भिंगाबरोबर कॅमेऱ्याची जुळणी नीट करून घेण्याचा खर्चही आधीच धरावा.