ॲड्रिनलिन आत जात नाही

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. अंधारात पायाशी काही सळसळलं किंवा भरधाव ट्रक अगदी कडेनं निघून गेला, की या ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. पुढच्या काही क्षणांत छाती धडधडू लागते, श्वासनलिका रुंदावतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून चेहरा पांढराफटक पडतो, पचनाचं काम थंडावतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतायला लागतं. एवढी उलथापालथ करवून घ्यायला ॲड्रिनलिनला पेशीच्या आत पाऊलही ठेवावं लागत नाही. बाहेरूनच काम उरकतं. दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं रक्तातून नाहीसंही होतं.

आणि ते असतं तरी किती? शांत बसलेल्या माणसाच्या सबंध रक्तात मिळून साधारण एका ग्रॅमचा कोटीवा भाग. घाबरल्यावर त्याच्या कित्येक पट झालं, तरी तराजूत दिसेल एवढं काही ते होत नाही.

ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांना पत्ता नसतो. ग्रंथीतून निघालेला रेणू रक्ताबरोबर अंगभर फिरतो आणि जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावरून जातो. चाळीत कुकरची शिट्टी सगळ्यांनाच ऐकू येते, पण गॅस बारीक करायला एकच घर उठतं. पेशींच्या बाबतीत कोण उठणार हे त्यांच्या आवरणात रोवलेल्या एका प्रथिनावर, म्हणजे रिसेप्टरवर ठरतं. ॲड्रिनलिनचा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेली एक लांब साखळी. तिच्या बाहेरच्या बाजूला खोबण असते. ॲड्रिनलिन त्या खोबणीत बसलं, की साखळीचं आतलं टोक किंचित सरकतं. आत पोहोचते ती एवढी हालचालच.

ती पोहोचल्यावर पुढं काय होतं, हे कळायला मात्र अर्धं शतक जावं लागलं. 1894-95 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी या ग्रंथींचा अर्क प्राण्यांना टोचला, तेव्हा रक्तदाब भसकन वर गेला होता. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं न्यूयॉर्कमध्ये आपला सहकारी केइझो उएनाका याच्यासह 1900 साली अर्कातला नेमका पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. पदार्थ हाती आला, परिणाम डोळ्यांपुढं होता, मधला भाग काळोखात. आणि हा काळोख उजळायची फारशी आशाही नव्हती, कारण संप्रेरकाचं काम अखंड, जिवंत पेशीतच होतं, पेशी फोडली की संपलं, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता.

अर्ल सदरलंड यांनी पेशी फोडल्या. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात, 1950च्या दशकाच्या मध्यात, थिओडोर रॉल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी यकृताचा तुकडा घेतला आणि पेशी पार मोडून जातील इतका तो वाटून काढला. त्या वाटणात ॲड्रिनलिन टाकलं. यकृतात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि तो फोडणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोरिलेज. मोडलेल्या पेशींच्या त्या गिचमिडीतही फॉस्फोरिलेज जागं झालं. समज तिथंच मोडला.

मग त्यांनी ते वाटण यंत्रात गरगर फिरवलं. जड तुकडे, म्हणजे मुख्यतः फाटलेली पेशी-आवरणं, तळाशी बसले आणि वर नितळ पाणी राहिलं. फॉस्फोरिलेज या वरच्या पाण्यात होतं. त्यात ॲड्रिनलिन टाकलं, काही घडलं नाही. तळाचा गाळ परत मिसळला, पुन्हा काम सुरू. म्हणजे ॲड्रिनलिनला गाळ हवा होता. तेव्हा त्यांनी नुसत्या गाळात ॲड्रिनलिन आणि एटीपी, म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं इंधन, घातलं, थोडा वेळ ठेवलं, ते उकळलं आणि उकळल्यावर उरलेलं पाणी वरच्या नितळ पाण्यात ओतलं. उकळल्यावर प्रथिनं निकामी होतात, अंड्याचं होतं तसंच. तरीही फॉस्फोरिलेज जागं झालं. फाटलेल्या आवरणांनी ॲड्रिनलिनला प्रतिसाद म्हणून एक नवाच छोटा पदार्थ तयार केला होता, उकळीलाही दाद न देणारा. हे संशोधन 1957 साली प्रसिद्ध झालं. माझ्या मते शाळेच्या पुस्तकात पेशीचं ते रंगीत चित्र छापण्याऐवजी हा प्रयोग छापावा. चित्रातलं काहीच लक्षात राहत नाही.

हा छोटा पदार्थ कोणता, हे उलगडण्यात टपालाचाही हात आहे. सदरलंड यांनी आपल्या पदार्थाबद्दल लिऑन हेपेल या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं होतं. सेंट लुईसमधल्या डेव्हिड लिपकिन यांना एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करताना एक अनोळखी पदार्थ मिळाला होता, त्यांनीही हेपेल यांनाच लिहिलं. टेबलावरच्या ढिगाऱ्यातली ही दोन पत्रं वाचताना हेपेल यांच्या लक्षात आलं की दोघं एकाच गोष्टीबद्दल विचारताहेत. पदार्थ होता सायक्लिक एएमपी.  एटीपीचे दोन फॉस्फेट काढून टाकले आणि उरलेला एक स्वतःच्याच साखरेला दोन ठिकाणी जोडून कडं केलं, की सायक्लिक एएमपी तयार. या कामासाठी सदरलंड यांना 1971 सालचं नोबेल मिळालं, एकट्यांना.

सूक्ष्म प्रमाणातल्या संप्रेरकाचा एवढा गाजावाजा कसा होतो, याचं उत्तर इथं सापडतं. एक रिसेप्टर हलला की तो आवरणाच्या आतल्या अंगाला असलेली अनेक प्रथिनं एकापाठोपाठ चेतवतो. चेतलेलं प्रथिन सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला कामाला लावतं, आणि ते एन्झाइम एकामागून एक रेणू घडवत सुटतं. पाठ्यपुस्तकातला अंदाज असा, की रक्तातल्या ॲड्रिनलिनच्या मानानं पेशीतलं सायक्लिक एएमपी दहा हजारपट दाट होतं. ते पुढं एका एन्झाइमला सोडवतं, ते दुसऱ्याला, दुसरं फॉस्फोरिलेजला, आणि प्रत्येक पायरीवर आकडा फुगत जातो. फॉस्फोरिलेज शेवटी ग्लायकोजेनच्या टोकांवरून साखरेचा एकेक कण तोडू लागतं.

रिसेप्टर आणि ते एन्झाइम यांच्या मध्ये कोण असतं, हे मार्टिन रॉडबेल यांना एका भेसळीमुळं कळलं. यकृताच्या आवरणांवरच्या त्यांच्या प्रयोगात एटीपी भरपूर घातलं तरच परिणाम दिसायचा, आणि हे काही पटण्यासारखं नव्हतं. शोध घेता कळलं, की बाजारातून आणलेल्या एटीपीत त्याचंच भावंड, जीटीपी, अंशमात्र मिसळलेलं होतं आणि काम ते करत होतं. जीटीपी धरून चालू होणारं हे मधलं प्रथिन पुढं आल्फ्रेड गिलमन यांनी वेगळं काढलं. त्याचं नाव जी प्रथिन. 1994 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं.

जी प्रथिनाची मला सगळ्यांत आवडणारी खोड म्हणजे ते स्वतःच स्वतःला बंद करतं. जीटीपी धरलं की चालू. थोड्या वेळात तेच प्रथिन त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तोडून टाकतं, आणि बंद. तिकडं सायक्लिक एएमपीचा फडशा पाडायला दुसरं एन्झाइम सतत तयार असतंच. (चहा-कॉफीतलं कॅफीन या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणून तरतरी येते, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. परीक्षानळीत ते अडवतं हे खरं. पण कपभर चहातलं कॅफीन त्याला फार थोडं पडतं, तरतरी येते ती मुख्यतः मेंदूतले ॲडिनोसिनचे रिसेप्टर अडवल्यामुळं.)

आता खरी गंमत. हृदयाच्या स्नायुपेशीत सायक्लिक एएमपी वाढलं की ती जास्त जोरानं आकुंचन पावते. श्वासनलिकेच्या स्नायुपेशीत तेच सायक्लिक एएमपी वाढलं की ती सैल पडते. दोन्ही स्नायूच, आतला निरोपही तोच, परिणाम उलट. हृदयात त्या निरोपानं कॅल्शियमची दारं जास्त उघडतात, श्वासनलिकेत आकुंचनाला लागणाऱ्या एका एन्झाइमचा हात धरला जातो. चरबीच्या पेशीत तोच निरोप चरबी फोडतो. ‘ॲड्रिनलिन म्हणजे पळा किंवा लढा’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या रेणूवर तसं काहीच लिहिलेलं नाही. पेशी घडताना तिनं आत कोणती प्रथिनं बाळगली, यावर निरोपाचा अर्थ लागतो.

रिसेप्टरही एकाच घाटाचे नाहीत. 1948 साली रेमंड आल्क्विस्ट यांनी त्यांचे आल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले. आल्फा कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, तेही सायक्लिक एएमपीला वगळून, वेगळ्याच वाटेनं. या विभागणीचा धागा पकडून जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल तयार केलं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल बरोबर उलटं करतं, श्वासनलिकेतले बीटा रिसेप्टर चालू करतं. पंप ओढल्यावर काहींचे हात थरथरतात आणि छातीत धडधडतं, कारण तसलेच रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंत आणि हृदयातही आहेत. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देणं धोक्याचं का, हेही यावरून उघड आहे.

सगळीच संप्रेरकं अशी दाराबाहेर थांबत नाहीत. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही स्निग्ध असल्यानं आवरणातून सरळ आत जातात आणि जनुकांपर्यंत पोहोचतात. त्यांचा परिणाम दिसायला तास-दिवस लागतात. तो निराळा विषय.

परत जी प्रथिनाकडं येऊ. स्वतःला बंद करण्याची त्याची ही खोडच कोणी मोडली तर? तसं करणारा एक जंतू आहे, आणि त्याची कथा कोलकात्याची आहे. रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली तिथंच कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला होता आणि तो काहीतरी विष सोडत असावा असा तर्कही केला होता. पुढची सत्तरेक वर्षं ते विष कोणाच्या हाती लागलं नाही. शंभुनाथ डे हे कोलकात्यातले विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा थोडासा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधला आणि त्या बंद तुकड्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तुकडा पाण्यानं टम्म फुगला होता. पुढं त्यांनी जंतू गाळून काढले आणि त्यांचं नुसतं गाळलेलं पाणी टोचलं. तरी आतडं फुगलं. 1959 साली ‘नेचर’मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावानं हे संशोधन आलं. साधन म्हणाल तर ससा, दोरा, सुई आणि गाळणी. त्यांच्या हयातीत देशानं त्यांचा म्हणावा तसा मान केला नाही, हे मला तरी अजून खटकतं.

ते विष करतं काय, हे 1977 साली जेरुसलेमच्या कॅसल आणि सेलिंजर यांनी दाखवलं. ते आतड्याच्या पेशीत शिरून जी प्रथिनातल्या एका ठरावीक अमिनो आम्लावर, आर्जिनिनवर, एक रेणू चिकटवतं. प्रथिनाला मग जीटीपी तोडता येत नाही. कळ चालू स्थितीत अडकते. सायक्लिक एएमपी वाढतच राहतं, पेशीची क्लोराइडची दारं सताड उघडी पडतात, मीठ आतड्यात वाहतं आणि त्याच्यामागं पाणी. काही रुग्णांत तासाला लिटरभर. (क्वचित एखाद्या बाळाच्या काही पेशींत गर्भावस्थेतच नेमकं हेच आर्जिनिन बदलतं. अशा मुलांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग उमटतात, हाडं ठिसूळ होतात आणि कधी फारच लहानपणी वयात येण्याची लक्षणं दिसतात. त्यांच्याही पेशींना न पाठवलेला निरोप ऐकू येत राहतो.)

या विषाच्या तडाख्यातून आतड्याचं एक दार मात्र सुटतं: साखरेचा एक कण आणि सोडियमचे दोन अणू एकत्र आत घेणारं. ते दार सायक्लिक एएमपीला जुमानत नाही. म्हणून नुसतं मिठाचं पाणी फुकट जातं, पण त्यात साखर घातली की मीठ आत जातं, आणि पाणीही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी ड्रमांतून मीठ-साखरेचं पाणी वाटलं, आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. आपल्याकडं आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनी ती हीच.

सायक्लिक एएमपीचा हा निरोप आपल्या यकृतासाठी मुद्दाम घडवलेला आहे, असंही नाही. 1965 साली मॅकमन आणि सदरलंड यांना तो ई. कोलाय या जिवाणूत सापडला. त्या जिवाणूला ग्लुकोज दिलं की त्याचं सायक्लिक एएमपी उतरतं, ग्लुकोज संपलं की चढतं, आणि तो दुसरं काही खायला शोधू लागतो. म्हणजे साखर कमी पडल्याची ही खूण संप्रेरकांच्या कितीतरी आधीची. कॉलऱ्याच्या जंतूच्या स्वतःच्या पेशीतही हीच व्यवस्था आहे. जंगलातल्या कुजक्या पानांखाली राहणारे डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबा तर उपासमार झाली की सायक्लिक एएमपी पेशीच्या बाहेरच सोडतात, काही मिनिटांच्या अंतरानं, लाटा-लाटांनी. 1967 साली कोनाइन, बॉनर आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं. एरवी एकेकटे फिरणारे लाखभर अमीबा त्या लाटांच्या उगमाकडं सरकत येतात, एकमेकांना चिकटून गोगलगायीसारखा एक गोळा बनवतात, आणि शेवटी त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याचे अमीबा मरून देठ होतात, बाकीचे त्या देठावर बीजाणू होऊन बसतात. तो निरोप ऐकणाऱ्या त्यांच्या रिसेप्टरची साखळीही आवरणातून सातच वेळा ओवलेली आहे.