पंचनामा, सन २०५८

१ जुलै २०२४पासून मूर्तिजापूरच्या पोलिसांना घरझडती घ्यायची तर तिचं चित्रीकरण करावं लागतं. पंच, जप्तीची यादी, सह्या, सगळं मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ तसं सांगतं. न्यूयॉर्कची लेफ्टनंट ईव्ह डॅलस मात्र हे १९९५पासून करते आहे. प्रेताजवळ गेली की आधी रेकॉर्डर चालू, मग वेळ, जागा आणि आपलं नाव मोठ्याने. फक्त तिच्या पंचनाम्यावर साल असतं २०५८.

नोरा रॉबर्ट्स या प्रेमकादंबऱ्यांच्या लेखिकेने जे. डी. रॉब या टोपणनावाने ही मालिका सुरू केली. ‘नेकेड इन डेथ’ ही पहिली कादंबरी. वर्षाला साधारण दोन या वेगाने आता साठी ओलांडली आहे, आणि या तीस वर्षांत कथेतला काळ सरकला आहे जेमतेम तीन-चार वर्षं! एवढं वाचक का वाचतात? खुनी कोण, यासाठी नक्कीच नाही. तो पुष्कळदा अर्ध्यातच कळतो. उडत्या गाड्यांसाठीही नाही. अस्सल कॉफी दुर्मीळ झालेल्या त्या जगात ईव्हच्या कपाळाला आठ्या पडतात त्या अहवालांमुळे, वरिष्ठांमुळे, नाणी गिळणाऱ्या मशीनमुळे आणि टेबलातलं चॉकलेट चोरणाऱ्या अज्ञात सहकाऱ्यामुळे. तहसीलमध्ये एक दाखला काढलेल्या माणसाला हे भविष्य अजिबात परकं वाटू नये. पीबॉडी हाताखालची शिपाई म्हणून येते आणि पुढे डिटेक्टिव्ह होते. वाचक त्या बढतीसाठी, ईव्हभोवतीच्या टोळीसाठी थांबतो.

भविष्यातली पोलीसकथा लिहिणं अवघड का, हा वाद जुनाच. विज्ञानकथेत रहस्यकथा जमायची नाही, असं संपादक जॉन कॅम्पबेलचं मत होतं. अडचण आली की लेखक खिशातून नवं यंत्र काढणार. आयझॅक आसिमॉव्हने ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मधून (मासिकात १९५३, पुस्तकरूपात १९५४) उत्तर दिलं. यंत्रमानव डॅनिलला काय करता येतं आणि काय नाही, हे वाचकाला आधी सांगून टाकलं. मर्यादा उघड झाल्या की खेळ सरळ होतो.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा काळा पहाड काय किंवा झुंजार काय, ठाण्याच्या डायरीत नोंद करत बसणारे नव्हेत. ठाणं हाच नायक झाला तो मुंबई दूरदर्शनवरच्या बी. पी. सिंगांच्या ‘एक शून्य शून्य’मध्ये. त्यांनीच १९९८मध्ये ‘सीआयडी’ आणली, शिवाजी साटमांना घेऊन, आणि ती वीस वर्षं चालली. दयाने दरवाजा तोडला की घराघरात हशा. पण मला त्यातली सगळ्यात अचाट विज्ञानकथा वाटते ती डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा. नमुना आत गेला की निकाल बाहेर! अमरावतीलाही प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिच्याकडे अहवालासाठी डोळे लावून बसलेल्या तपास अधिकाऱ्याला साळुंखे परग्रहावरचे वाटत असतील. आसिमॉव्हचा नियम ‘सीआयडी’त नेहमी मोडला जाई आणि आपण खुशाल मोडू दिला, कारण ईव्हच्या वाचकांसारखी आपल्यालाही टोळीच हवी होती.

आता तर कादंबरीतलं भविष्य विदर्भात कामाला लागलं आहे. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्व्हल’ ही राज्य सरकारची कंपनी २०२४मध्ये नागपुरात उभी राहिली. मदतीसाठी फिरवायच्या १०० क्रमांकाची जागा ११२ने घेतली. मराठी लेखकाने २०५८ कशाला गाठायचं? मूर्तिजापूर जंक्शन घ्या. मुंबई-हावडा मार्गाची धडधड आणि शेजारी शकुंतला रेल्वेचे अरुंद, आता बंद पडलेले रूळ. तिथे प्रेत सापडलं तर पहिलं प्रकरण हद्दीवरच संपेल: लोहमार्ग पोलीस की शहर ठाणं? शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो हे दोघांनाही माहीत. पण पंच कोण आणणार, चित्रीकरण कोणाच्या मोबाइलवर, आणि त्यात चार्जिंग उरलंय का?