कोयता एक, बोल मात्र बाईला

दसरा-दिवाळी झाली की कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो आणि उचल देतो. बाई गरोदर असली तरी उचल फिटत नाही. तिला जावेच लागते. गावची आशाताई इकडे, बाई फडात. पोटातले दिवस भरत जातात आणि तिच्या रक्ताची एक साधी तपासणी राहून जाते.

ही तपासणी गरमीची, म्हणजे उपदंशाची. रोग लैंगिक संबंधातून लागतो. सुरुवातीची जखम दुखत नाही, आपोआप भरते. बाईच्या तर अनेकदा ध्यानातही येत नाही. जंतू मात्र रक्तात राहतात आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतात. उपचार झाला नाही तर गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते, अपुऱ्या दिवसांचे होते किंवा रोग घेऊनच येते. जन्मताना धडधाकट दिसलेल्या बाळाचेही काही आठवड्यांनी नाक वाहू लागते, तळहात-तळपायांवर पुरळ उठतो. पुढे बहिरेपण, हाडांत व्यंग. आपल्याकडे लागोपाठ मुले गेली की भगताकडे खेटे सुरू होतात आणि सून पांढऱ्या पायाची ठरते. रक्त कोणी तपासायचे?

आणि औषध काय? बेंझाथिन पेनिसिलीनची 24 लाख युनिटची एक मात्रा. रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी ती मिळाली पाहिजे. पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. म्हणजे औषध आपल्याच राज्यातले, तेही आजोबांच्या काळातले! तरीही आईकडून बाळाला होणारा उपदंश संपवण्याचे धोरण राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने आणले ते 2015 मध्ये. 2021 ते 2026 च्या पाचव्या टप्प्यात तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले.

यात नवरा कुठे आहे? मजुरी घेताना दोघांचा एकच कोयता. रोग निघाला की बाई एकटी. इंग्रजांनी 1868 मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. नोंदणी वेश्यांची, सक्तीची तपासणी त्यांचीच, कोंडूनही त्यांनाच ठेवायचे. गिऱ्हाईक मोकळे. कायदा 1888 मध्ये रद्द झाला, तो कागदावर. आज नवऱ्याला सुई दिली नाही तर बरी झालेली बाई त्याच्याकडून पुन्हा आजारी पडते, हे दवाखान्यात तरी ठणकावून सांगितले जाते का?

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हा भार सरकारने उचलावा, मालकालाही त्यातून सुटका नाही, अशी भूमिका घेतली होती. मग साखर कारखान्यांना सुटका कशी? बोटातल्या रक्ताच्या थेंबावर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही सांगणारे किट आता आहे. टोळी निघण्याआधी उपकेंद्रात आणि नंतर फडावर, नवरा-बायको दोघांचीही तपासणी झाली पाहिजे. निकाल गुप्त राहिला पाहिजे. मुकादमाच्या कानावर तो जाता कामा नये. आणि तपासणीविना बाळंत झालेल्या बाईला दवाखान्यातून सोडण्याआधी तिचे रक्त तपासलेच पाहिजे. दोष निघाला तर बाळाचेही.